लाईन एक, गणवेश चार

होंडा गावात होंडा कंपनी नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण गोव्याबाहेरच्या पाहुण्याचा इथे हमखास घोळ होतो. होंडा हे सत्तरीतलं गाव, साखळीहून वाळपईला जाताना लागणारं. तिथे आणि जवळच्या भुईपालला टाटांच्या चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, बसगाड्यांच्या बॉड्या चढतात. हे काम करणारी ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा ही कंपनी १९८० साली टाटांनी आणि गोव्याच्या आर्थिक विकास महामंडळाने मिळून काढली. लोकांच्या तोंडी ती एसीजीएल. उसगावला एमआरएफचे टायर तयार होतात. वसाहतींतून पत्रा कापणारी, वाकवणारी, जोडणारी छोटी युनिटं आहेत. चाकण-तळेगावसारखा पसारा नसला, तरी गाडी जोडणाऱ्या हातांचा अनुभव आमच्या भागाला चाळीसहून अधिक वर्षांचा आहे.

मी स्वतः अशाच एका कारखान्यात बावीस वर्षं काढली, त्यातली सहा युनियनच्या कमिटीवर. कारखान्याचं नाव सांगत नाही. पुढे जे लिहितो आहे ते थोड्याफार फरकाने बऱ्याच गेटांच्या आत सापडेल. लिहायला निमित्त झालं शेजारच्या मुलाचं. आयटीआय केलेला, वय चोवीस, कंत्राटदारामार्फत वेल्डर. गणेश चवथीच्या आधी एका संध्याकाळी अंगणात आला आणि म्हणाला, "काका, सेटलमेंट झाली म्हणतात. पर्मनंटवाल्यांना घसघशीत वाढ मिळाली. मग आमचं काय?"

सेटलमेंट म्हणजे युनियन आणि मालक यांच्यातला पगारवाढीचा करार. "तुमचं काही नाही," मी म्हटलं.

"पण लाईनचा स्पीड तर आमचाही वाढला."

मी गप्प बसलो. त्याच्या त्या वाक्याचं नीट उत्तर द्यायचं तर लाईनपासून सुरुवात करावी लागते.

सेकंदांचा हिशेब

मोटारीच्या कारखान्यात गाडी चालते आणि माणूस थांबतो. पट्ट्यावरून गाडीचा सांगाडा पुढे सरकतो, प्रत्येक ठिकाणचा माणूस आपलं ठरलेलं काम करतो: चार बोल्ट आवळ, वायरिंगचा गुच्छा ओढून घे, दाराचं रबर बसव. तेवढ्यात सांगाडा पुढे गेलेला असतो आणि दुसरा समोर आलेला असतो. एका गाडीपासून दुसऱ्या गाडीपर्यंत जो वेळ मिळतो त्याला 'टॅक्ट टाईम' म्हणतात. कामगाराचं सगळं आयुष्य त्या टॅक्टमध्ये मावलेलं असतं.

हिशेब मांडून पाहू. शिफ्ट आठ तासांची, म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाची ३० मिनिटं आणि चहाच्या दोन सुट्ट्या १०-१० मिनिटांच्या वजा केल्या की राहतात ४३० मिनिटं, म्हणजे २५,८०० सेकंद. टॅक्ट ६० सेकंदांचा असेल तर शिफ्टमध्ये ४३० गाड्या निघतात. आता कोणीतरी वातानुकूलित खोलीत बसून ६० चे ५० केले. गाड्या झाल्या ५१६. मशीन नवं आलं नाही, माणूस वाढला नाही, शिफ्ट लांबली नाही, आणि ८६ गाड्या जास्त मिळाल्या.

माणसाकडून पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. समजा त्याचं काम ४८ सेकंदांत उरकत होतं. उरलेल्या १२ सेकंदांत तो कंबर सरळ करायचा, घाम पुसायचा, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलायचा. आता त्याच्याकडे २ सेकंद उरले. एखादा बोल्ट आडवा गेला, तर ते २ सेकंद त्यातच जातात आणि तो पुढच्या माणसाच्या जागेत ढकलला जातो. अभियंते या १२ सेकंदांना 'वाया गेलेला वेळ' म्हणतात. मी कमिटीवर असताना एका इंडस्ट्रियल इंजिनिअरने स्टॉपवॉच दाखवून मला हेच पटवायचा प्रयत्न केला होता. मी त्याला म्हटलं, तुम्ही दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घेता, तो कुठे धरता? तो हसला, पण तक्ता बदलला नाही.

बसचं काम यापेक्षा संथ दिसतं. तिथे टॅक्ट सेकंदांचा नसतो, मिनिटांचा असतो. चासी येते, तिच्यावर चौकोनी नळ्यांचा पिंजरा वेल्ड होतो, मग पत्रे, रंग, काचा, आसनं, वायरिंग आणि शेवटी गळती तपासायला पाण्याचा फवारा. रोबो कमी, हात जास्त. शिफ्टला १० बसगाड्या काढायच्या तर एका बसला ४३ मिनिटं मिळतात. १२ काढायच्या ठरल्या तर जेमतेम ३६. सात मिनिटं हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो. पण छताच्या आतल्या बाजूला हात वर धरून वेल्डिंग करणाऱ्याला विचारा. त्याच्या खांद्याला त्या सात मिनिटांची बरोबर किंमत माहीत असते.

आणि लघवीला जायचं तर 'रिलीव्हर' लागतो, म्हणजे तुमच्या जागी उभा राहणारा मोकळा माणूस. माणसं कमी करताना सर्वात आधी हाच कापला जातो, कारण कागदावर तो काहीच करत नाही. हरियाणात मारुतीच्या मानेसर कारखान्यात २०११-१२ मध्ये जे घडलं, आणि ज्याबद्दल पुढे सांगणार आहे, त्याच्या मुळाशी पगाराइतकीच ही गोष्ट होती. चहाची सुट्टी साडेसात मिनिटांची, त्यात कॅन्टीनपर्यंत जायचं, रांगेत उभं राहायचं, चहा प्यायचा आणि मुतारीला जाऊन परत यायचं. बाहेरच्या लोकांना वाटतं कामगार नेहमी पैशांसाठी भांडतो. मागणीपत्रात पहिल्या क्रमांकावर पैसे असतात हे खरं, कारण पैशांचं कलम लिहायला सोपं असतं. 'आम्हाला श्वास घ्यायला वेळ द्या' हे कलम कायद्याच्या भाषेत बसवायला कठीण जातं.

अंगाला काय लागतं

वेल्डिंगची झळ डोळ्यांना लागली की रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. घरोघरी बटाट्याच्या चकत्या ठेवतात. ग्राइंडरच्या थरथरीने वर्षानुवर्षं काम केलेल्यांच्या बोटांना मुंग्या येतात. पण सर्वात फसवं काम पेंट शॉपचं. दोन भाग मिसळून मारायच्या पॉलियुरेथेन रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात. ती श्वासातून गेली की काही जणांना दमा जडतो आणि एकदा जडला की नंतर थोडासा वासही पुरतो. साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही. त्यातून आमच्याकडचा जून ते सप्टेंबर: बाहेर धो धो पाऊस, आत पत्र्याखाली दमट भट्टी, अंगावर जाड एप्रन.

यावर कायदा मुका नाही. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, पाच तासांच्या आत निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली, २५० हून अधिक कामगार असतील तर कॅन्टीन सांगितलं. भोपाळनंतर, १९८७ साली, त्यात धोकादायक प्रक्रियांवर एक आख्खं प्रकरण आलं आणि आपण कशाशी काम करतो आहोत हे जाणून घ्यायचा हक्क कामगाराला मिळाला. हक्क वापरणारा मात्र दुर्मिळ. रंगाच्या डब्याबरोबर येणारा सुरक्षिततेचा कागद मागणारा माणूस माझ्या बावीस वर्षांत मी एकच पाहिला, आणि त्याला सगळे 'वकील' म्हणून चिडवत.

ईएसआयचं, म्हणजे सरकारी कामगार विम्याचं, एक त्रांगडं इथेच सांगतो. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर कामगार ईएसआयमध्ये येतो. वाढ मिळून तो त्यापलीकडे गेला की बाहेर पडतो आणि मग कंपनीच्या मेडिक्लेमवर भिस्त. पगार वाढल्याचे पेढे वाटले जातात, आणि सहा महिन्यांनी आईच्या ऑपरेशनच्या वेळी कळतं की आता मडगावच्या ईएसआय इस्पितळाचं दार आपल्यासाठी उघडं नाही.

एकाच बसभोवती चार जण

शेजारच्या मुलाच्या प्रश्नाकडे परत येऊ. एका बसच्या पिंजऱ्याभोवती चार वेल्डर उभे आहेत असं समजा. चौघांच्या हातात सारखीच वेल्डिंगची टॉर्च, चौघांचा टाका सारखा. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती चार वेगळी माणसं आहेत, आणि बहुतेक ठिकाणी शर्टाच्या रंगावरून ती ओळखू येतात.

पहिला पर्मनंट. कंपनीच्या हजेरीपटावर, युनियनचा सभासद, सेटलमेंटचा हक्कदार. त्याला काढायचं तर चार्जशीट, चौकशी, सुनावणी या वाटेने जावं लागतं.

दुसरा ठरावीक मुदतीचा, म्हणजे 'फिक्स्ड टर्म'. कंपनीचाच नोकर, पण करार वर्षाचा किंवा दोन वर्षांचा. कागदोपत्री त्याला पर्मनंटसारख्याच सोयी द्यायच्या असतात, आणि जुन्या कामगार कायद्यांच्या जागी २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीही मिळते. त्याला काढावं लागत नाही. करार संपतो, एवढंच. म्हणून तो युनियनच्या सभेला मागच्या भिंतीला टेकून उभा राहतो आणि हात वर करत नाही.

तिसरा आमचा शेजारी, कंत्राटी. मालकाला गोव्यात अजून 'पात्रांव' म्हणतात. पोर्तुगीज गेले, शब्द राहिला. तर या मुलाचा पात्रांव कोण? सकाळी काम सांगतो कंपनीचा सुपरवायझर, टाका चुकला तर ओरडतो तोच, पगार मात्र देतो कंत्राटदार, ज्याचं ऑफिस एका शटरच्या गाळ्यात आहे. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा याच गोंधळासाठी आला. त्याने कंपनीला 'मुख्य मालक' म्हटलं आणि सांगितलं की कंत्राटदाराने पगार बुडवला तर तो तुम्ही भरायचा. कंत्राटी माणूस आणि कंपनीचा माणूस सारखंच काम करत असतील तर पगार सारखा द्यायचा, असं त्याखालच्या नियमांतही होतं. आमच्या भागात ते नियम कोणी प्रत्यक्षात लागू करून घेतल्याचं मला आठवत नाही.

मग २००१ साली सर्वोच्च न्यायालयाचा स्टील अथॉरिटीच्या खटल्यातला निकाल आला. कंत्राटी पद्धत एखाद्या कामात बंद झाली तरी तिथले कंत्राटी कामगार आपोआप कंपनीचे होत नाहीत, असं न्यायालयाने सांगितलं. कंत्राट हा निव्वळ देखावा होता हे औद्योगिक न्यायालयात सिद्ध करायचं, मगच काही मिळेल. सिद्ध कोणी करायचं? ज्याचा गेटपास उद्या सकाळी बंद होऊ शकतो, त्याने.

नव्या कायद्यात मुख्य उत्पादनाच्या कामात कंत्राटी माणूस लावायला बंदी आहे, हे वाचून मुलगा खूश झाला होता. मी त्याला पुढची ओळ वाचून दाखवली. ज्या उद्योगात ते काम नेहमीच कंत्राटाने होतं तिथे चालेल, दिवसभराचं काम नसेल तर चालेल, कामाचा बोजा अचानक वाढला तर चालेल. दाराला कुलूप आहे आणि किल्ली पायपुसण्याखाली.

चौथा अप्रेंटिस. १९६१ च्या कायद्याप्रमाणे तो शिकाऊ आहे, कामगार नाही. त्याला पगार मिळत नाही, विद्यावेतन मिळतं. शिकाऊ उमेदवारी ही मुळात उत्तम गोष्ट आहे. मी स्वतः तिच्यातूनच आलो. पण लाईनवर एकाच बोल्टजवळ वर्षभर उभा केलेला मुलगा दुसऱ्या आठवड्यानंतर काय शिकतो हे मला कोणी सांगितलेलं नाही.

या चौघांच्या वर एक पाचवाही असतो, पण त्याचा गणवेश वेगळा दिसत नाही. चांगला बोलणारा, कायदा वाचणारा पर्मनंट कामगार एके दिवशी 'टीम लीडर' किंवा 'ज्युनिअर ऑफिसर' होतो. अठरा हजारांवर पगार असलेला देखरेख करणारा नव्या संहितेप्रमाणे 'कामगार' या व्याख्येबाहेर पडतो. बढतीचा कागद हातात आला की युनियनचं कार्ड गळून पडतं. आमच्या कमिटीतले दोघे असेच गेले. त्यांना मी दोष देत नाही. पोरांच्या फिया मलाही भरायच्या होत्या.

युनियन कशी उभी राहते

सात माणसं एकत्र येऊन नोंदणीचा अर्ज करू शकतात, ही १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यापासूनची सोय. २००१ च्या दुरुस्तीने त्यात भर घातली: त्या कारखान्यातले किंवा उद्योगातले निदान १० टक्के किंवा १०० कामगार, यातला जो आकडा कमी असेल तेवढे सभासद हवेत, सातांहून कमी मात्र नकोत. गोव्यात नोंदणी, तंटे, समेट या सगळ्यांची वाट पणजीत पाटोवरच्या श्रमशक्ती भवनाकडे जाते, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. सत्तरीतल्या माणसाचा त्यात एक दिवसाचा पगार जातो.

नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे, आणि इथे भलेभले फसतात. नोंदणी सरकार करतं. तुमच्याशी बोलायचं की नाही हे मालक ठरवायचा. महाराष्ट्रात १९७१ चा एक स्वतंत्र कायदा होता, त्यात ३० टक्के सभासद दाखवले की औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळवता येई. गोव्याला तो कायदा कधी लागू नव्हता. इथे मान्यता मिळायची ती गेटवर किती माणसं उभी राहतात यावरून.

२१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राने चारही कामगार संहिता लागू केल्या आणि पहिल्यांदा वाटाघाटींचा हक्क देशभराच्या कायद्यात आला. हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली युनियन एकटी बोलणी करेल. कोणाकडेच ५१ टक्के नसतील तर २० टक्क्यांवरच्या युनियन मिळून एक परिषद बनवतील. ही गोष्ट चांगलीच आहे, यात मला शंका नाही. पण हजेरीपट कोणाचा? कंत्राटी माणूस कंत्राटदाराच्या पटावर. अप्रेंटिस कोणाच्याच नाही, कारण तो व्याख्येतच नाही. म्हणजे चार वेल्डरांपैकी दोघे मोजले जाणार, आणि त्यातला एक भिंतीला टेकून उभा.

सेटलमेंट: आम्ही काय विकलं

हा भाग लिहायला मला जड जातो.

सेटलमेंट साधारण तीन-चार वर्षांची असते. जुनी संपत आली की युनियन मागणीपत्र देते. मग बैठका. पहिल्या चार-पाच बैठकांत चहा-बिस्किटांपलीकडे काही घडत नाही. नंतर मालकाची बाजू आपलं मागणीपत्र टेबलावर ठेवते. होय, मालकाचंही असतं, आणि त्यात पहिलं कलम उत्पादकतेचं. अमुक रुपये देतो, पण टॅक्ट ४३ चा ३६ करा. करार फक्त दोन पक्षांत झाला तर तो सही करणाऱ्यांपुरताच बांधील. सरकारच्या समेट अधिकाऱ्यासमोर झाला तर सगळ्यांना बांधील. जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलमांवरून कामगार अजून याला 'ट्वेल्व्ह थ्री' म्हणतात. मालकाला ट्वेल्व्ह थ्रीच हवी असते, म्हणजे दुसरी युनियन नंतर कटकट करू शकत नाही.

माझ्या काळात आम्ही एक करार केला. वाढ चांगली होती. शेवटच्या रात्री एक वाजता उत्पादकतेचं कलम आलं आणि आम्ही साडेपाच मिनिटं दिली. घरी येताना मला वाटलं होतं, स्वस्तात सुटलो. ती साडेपाच मिनिटं आमच्या एकट्याची नव्हती, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. लाईन सगळ्यांसाठी एकदमच वेगाने धावते. पर्मनंटसाठी वेगळा पट्टा नसतो. वेळ चौघांची विकली गेली आणि पैसे एकाला मिळाले. टेबलावर त्या तिघांच्या वतीने कोणी बसलं नव्हतं.

युनियनवाले स्वार्थी असतात असा याचा सरळ अर्थ काढला जातो, तो मला मान्य नाही. युनियन सभासदांच्या वर्गणीवर चालते, सभासदांनी निवडून दिलेली असते, आणि कंत्राटी माणसासाठी भांडायचं म्हटलं तर मालक म्हणतो, "ते आमचे नाहीतच, त्यांच्याबद्दल तुमच्याशी काय बोलायचं?" तरीही भांडता येतं. मानेसरमध्ये ऑक्टोबर २०११ मध्ये पर्मनंट कामगार पुन्हा आत बसले ते मुख्यतः कंत्राटी सोबत्यांना परत कामावर घ्या म्हणून. भारतीय वाहन उद्योगात असं क्वचित घडलं आहे. पुढची गोष्ट वाईट आहे: १८ जुलै २०१२ ला तिथे हिंसा झाली, आग लागली, एचआर विभागाच्या एका अधिकाऱ्याचा जीव गेला. कंपनीने ५४६ कायम कामगारांना काढलं. सुमारे दीडशे जण तुरुंगात गेले. मार्च २०१७ च्या निकालात १३ जणांना जन्मठेप झाली आणि ११७ जण निर्दोष सुटले. सुटलेल्यांतल्या अनेकांची तोवर काही वर्षं आत गेली होती. त्या माणसाच्या मृत्यूचं समर्थन कोणीच करू शकत नाही. पण मानेसर म्हटलं की फक्त जुलै २०१२ आठवतो आणि ऑक्टोबर २०११ कोणी आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

चवथ आणि संप

संप म्हटलं की आपल्या पिढीला १९८२ चा गिरणी संप आठवतो, आणि मग घरची बायामाणसं घाबरतात. आताचा संप तेवढा लांबत नाही, कारण आता तो कायदेशीरपणे सुरू करणंच अवघड झालं आहे. पूर्वी पाणी, वीज, वाहतूक अशा लोकोपयोगी सेवांतच १४ दिवसांची नोटीस लागायची. आता प्रत्येक कारखान्याला लागते. नोटीस गेली की समेटाची बोलणी सुरू होऊ शकतात, आणि ती चालू असेपर्यंत व नंतर सात दिवस संप बेकायदा. बेकायदा संपाला कामगारामागे १,००० ते १०,००० रुपये दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद.

एकाच दिवशी निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. हे मी गेटजवळच्या चहाच्या टपरीवर वाचून दाखवलं तेव्हा एक जण म्हणाला, "म्हणजे चवथीला गणपती बसवणं बेकायदा." हशा पिकला. कायदा 'ठरवून, एकजुटीने' म्हणतो, सणाची रजा त्यात बसत नाही, आणि शहाणी कंपनी चवथीला लाईन बंदच ठेवते. पण टपरीवरच्या त्या माणसाचा मुद्दा विनोदापुरता नव्हता. कामगार एकमेकांशी बोलून काही करतात, त्यालाच कायद्याने संप म्हटलं आहे.

पुण्याजवळ बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात २०१३ च्या जूनमध्ये संप झाला, ५० दिवस चालला. युनियनची एक मागणी अशी होती की कामगारांना एक रुपयाला एक याप्रमाणे कंपनीचे शेअर द्या. तेव्हा वर्तमानपत्रांनी तिची बरीच थट्टा केली. मला ती मागणी तेव्हाही शहाणपणाची वाटली होती. सेकंद आम्ही वाचवतो, त्याचा काही भाग तरी आमच्या नावावर कायमचा राहू द्या, एवढाच तिचा अर्थ. संप मागे घ्यावा लागला, शेअर काही मिळाले नाहीत.

बंद पडण्याची भीती या सगळ्यावर घिरट्या घालत असते. शंभर कामगारांच्या कारखान्याला कपात किंवा टाळं करायचं तर आधी सरकारची परवानगी लागत असे; आता ती मर्यादा ३०० वर गेली. गोव्यातल्या कारखान्यांचा आकार पाहता यातून किती गेटं मोकळी झाली हे कोणीही बोटांवर मोजू शकेल. तळेगावच्या जनरल मोटर्सने डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबवलं, आणि २०२३ मध्ये ह्युंदाईने तो कारखाना घ्यायचा करार केला. जमीन गेली, इमारती गेल्या, यंत्रं गेली. कामगार त्या यादीत नव्हते. सत्तरी-डिचोलीच्या माणसाला ही भाषा नवी नाही. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा दारात उभे राहिलेले ट्रक आम्ही पाहिले आहेत. त्या ट्रकांवरचेच काही वेल्डर आज लाईनवर उभे आहेत, आणि म्हणूनच ते आवाज चढवत नाहीत.

परवा तो मुलगा पुन्हा आला. मोबाईलवर पगाराची स्लिप होती. सहा दिवस आठ-आठ तास भरल्यावर रविवारीही आठ तास बोलावलं होतं. ४८ तासांवरचं काम, म्हणजे ओव्हरटाईम, आणि ओव्हरटाईमला दुप्पट दर, हे जुन्या कायद्यातही आहे आणि नव्यातही. त्याचा रोज ५६० रुपये. रविवारचे व्हायला हवे होते १,१२०. स्लिपवर ५६०च होते, तेही 'इतर भत्ता' या नावाखाली.

"कंत्राटदाराने दिले नाहीत तर कंपनीकडे मागता येतात," मी सांगितलं. "लेखी अर्ज कर. हजेरीच्या पंचिंगचा फोटो ठेव. पीएफ जमा होतो का ते यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, टाकून बघ."

"आणि सोमवारी पास चालला नाही तर?"

याला माझ्याकडे कलम नव्हतं. युनियनच्या आताच्या सेक्रेटरीला मी फोन लावला, तो म्हणाला, "भाऊ, तो आमचा मेंबर नाही ना." मी त्याला त्या रात्री एक वाजता विकलेल्या साडेपाच मिनिटांची आठवण करून दिली. तो तेव्हा माझ्या शेजारीच बसला होता. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, रविवारी घेऊन या त्याला, आणि अजून दोन-चार जणांना पण.

फर्स्ट शिफ्टची गाडी पहाटे पावणेसहाला नाक्यावर येते, म्हणून मुलगा लवकर उठून गेला. स्लिपचा फोटो मी माझ्या मोबाईलमध्ये ठेवून घेतला आहे.